लंडन ते टोकियो 9,600 किलोमीटर, पण कुठल्या वाटेने?

प्रश्न थोडक्यात असा. ऑक्टोबरच्या मध्यावर लंडनहून टोकियोला जायचं आहे, परत यायचं आहे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. अंतर दाखवणाऱ्या संकेतस्थळावर 9,600 किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ 11 तास 20 मिनिटं दिसतो. तिकिटावर मात्र जाताना संध्याकाळी 7 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेपाचला पोहोचणं आणि येताना सकाळी साडेनऊला निघून त्याच दिवशी दुपारी 3 ला पोहोचणं आहे. प्रश्नकर्त्याने दोन्ही शहरांच्या घड्याळांत नऊ तासांचा फरक धरून हिशोब केला, तर जाताना पावणेतेरा तास आले आणि येताना साडेचौदा. त्यात विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर पाहिलं तर परतीच्या क्रमांकाचं विमान टोकियोहून चक्क उलट्या दिशेला, अलास्काकडे निघालेलं. चूक संकेतस्थळाची, तिकिटाची की ॲपची? आणि टोकियोत उतरल्यावर तीन तासांनी देशांतर्गत विमान आहे, ते मिळेल का?

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. वैमानिकाच्या हातात विमान सुटण्याआधी जो फ्लाइट प्लॅन पडतो, तो बनवणारा माणूस. कुठल्या वाटेने जायचं, किती उंचीवर, किती इंधन घेऊन, वाटेत काही बिनसलं तर कुठे उतरायचं, हे ठरवण्यात वीसेक वर्षं गेली. त्या खुर्चीवरून सांगतो: तिघांपैकी कुणीच चुकलेलं नाही. तुमच्या हिशोबात मात्र एक तास निसटलाय, त्याच्याकडे येतो.

आधी ते 9,600. हा आकडा पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमधल्या सगळ्यात जवळच्या वाटेचा आहे. पृथ्वीगोल घ्या, एक टोक लंडनवर आणि दुसरं टोकियोवर धरून दोरा ताणा. दोरा भिंतीवरच्या नकाशातल्यासारखा सरळ पूर्वेला जाणार नाही. लंडनहून निघताना त्याचा रोख उत्तरेपासून जेमतेम तीस अंश पूर्वेला असतो. दक्षिण नॉर्वे, उत्तर स्वीडन, फिनलंड असं करत तो 71 अंश उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्राच्या काठापर्यंत चढतो आणि मग सायबेरियातल्या याकुतियावरून खाली उतरत जपानच्या समुद्रात येतो. नेहमीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि तिच्यावरून उडत गेलात, तर साधारण 11,300 किलोमीटर होतात. सरळ दिसणारी रेघ सतराशे किलोमीटरने लांब पडते! नकाशावर विमान वाकडं का जातं, असं विचारणाऱ्याला मी कायम दोरा आणि गोल घ्यायला सांगतो. दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही.

संकेतस्थळाने पुढे काय केलं तेही सोपं आहे. 9,600 ला 850 ने भागा, अकरा तास वीस मिनिटांच्या आसपासच उत्तर येतं. बहुतेक ठिकाणी असा एक ठोकताळ्याचा सरासरी वेग धरलेला असतो. 2022 च्या सुरुवातीपर्यंत ते उत्तर फारसं चुकतही नव्हतं. लंडन-टोकियो विमानं तेव्हा साडेअकरा ते बारा तासांत पोहोचायची.

आता दोऱ्याकडे पुन्हा पाहा. निम्म्याहून बराच जास्त दोरा रशियावरून जातो. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर ब्रिटनने आपलं आकाश रशियन विमानांना बंद केलं आणि रशियाने लगेच ब्रिटिश विमानांना. युरोपीय संघाबरोबरही दोन-चार दिवसांत तसंच झालं. जपानी कंपन्यांनीही सायबेरियाची वाट सोडली. युक्रेनचं आकाश तर प्रवासी विमानांना पूर्णच बंद आहे. म्हणजे 9,600 किलोमीटरची वाट भूगोलात आहे, पण तुमच्या विमानाला तिथून जाता येत नाही. संकेतस्थळ भूगोल सांगतं आणि तिकीट राजकारणासकट सांगतं.

हे काही पहिल्यांदा होत नाहीये. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश असंच बंद होतं. 1957 मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन-टोकियो सेवा सुरू केली ती अलास्कातल्या अँकरेजला थांबा घेऊन. पुढची कित्येक वर्षं युरोपातून जपानला जाणारी माणसं अँकरेजच्या विमानतळावर पाय मोकळे करत असत. 1983 मध्ये फिनएअरने हेलसिंकी-टोकियो विनाथांबा सुरू केलं, तेही उत्तर ध्रुवावरून बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत जाऊन. त्याला तेरा तासांच्या आसपास लागायचे. नंतर सायबेरिया खुला झाला आणि हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला. आज तो पुन्हा तेरा तासांकडे गेलाय. चाळीस वर्षांत विमानं कुठल्या कुठे गेली, पण घड्याळ जिथे होतं तिथेच आलं.

मग आता जायचं कसं? वाटा दोन उरतात.

दक्षिणेची वाट अशी: मध्य युरोप, काळ्या समुद्राची बाजू किंवा तुर्कस्तान, मग जॉर्जिया, अझरबैजान, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन, कोरिया आणि जपान. त्बिलिसी, अल्माटी, बीजिंग असे टप्पे धरून मी मोजलं तर साडेअकरा हजार किलोमीटरच्या थोडं वर जातं. उत्तरेची वाट टोकियोहून ईशान्येला, उत्तर प्रशांत महासागरावरून अलास्का, मग कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंड, आइसलंड आणि वरून खाली ब्रिटन. अँकरेजवरून मोजली तर ती 12,700 च्या आसपास भरते. दक्षिणेच्या वाटेपेक्षा हजारभर किलोमीटर जास्त.

कुणीही म्हणेल, मग जाताना-येताना दोन्ही वेळा दक्षिणेनेच जा की. इथेच आमच्या धंद्यातली खरी गोष्ट येते: आम्ही किलोमीटर मोजत बसत नाही, आम्ही वारा मोजतो.

विमान हवेत किती वेगाने जातं आणि जमिनीवरून किती वेगाने सरकतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोईंग 777 किंवा 787 सारखी विमानं ध्वनीच्या वेगाच्या 0.84-0.85 पटीने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा शून्याखाली पंचावन्न अंशांच्या आसपास असते, तिथे ध्वनीही जरा सावकाश चालतो, त्यामुळे हा वेग तासाला 900 किलोमीटर पडतो. ती हवाच जर तासाला दीडशेने पूर्वेकडे सरकत असेल, तर पूर्वेला जाणाऱ्या विमानाची सावली जमिनीवर 1,050 ने धावते आणि पश्चिमेला जाणाऱ्याची 750 ने. नदीत होडी घालावी तसंच. इंजिनाला याचा पत्ताही नसतो, ते दोन्ही वेळा तेवढंच राबतं.

ही नदी म्हणजे जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे. आणि जपानवर हिवाळ्यात ती जितकी जोरदार असते तितकी जगात फार थोड्या ठिकाणी असते. तासाला 300 किलोमीटरचा आकडा तिथे दिसला तर मी खुर्चीत सरसावून बसत नाही, इतकं ते नेहमीचं आहे. गंमत म्हणजे हे वारे पद्धतशीर मोजणारा पहिला माणूसही जपानीच. वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून या वाऱ्यांची नोंद केली आणि जगाला कळावं म्हणून अहवाल एस्परँतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. साहजिकच तो फारसा कुणी वाचला नाही. 1944 मध्ये अमेरिकी बी-29 बॉम्बर जपानवर पोहोचले तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हा वारा अंगावर घेऊन कळला.

आता टोकियो-लंडन प्रवास हिशोबात घालू. दक्षिणेच्या वाटेने पश्चिमेला जाणारं विमान निघाल्यापासून या वाऱ्याच्या तोंडावर चालतं. समोरचा वारा सरासरी 75 चा धरा. 11,600 भागिले 825, म्हणजे चौदा तास. उत्तरेच्या वाटेने मात्र निघतानाच विमान पूर्वेला तोंड करतं, जपानवरची ती नदी पाठीशी घेतं आणि अलास्कापर्यंत वाहत जातं. पुढे आर्क्टिकवर वारा तुलनेने मवाळ असतो, कधी थोडा विरोधात, कधी बाजूने. सगळं मिळून सरासरी दहाचाही फायदा धरला तरी 12,700 भागिले 910 म्हणजे चौदाला दोन-चार मिनिटं कमीच. हजार किलोमीटर जास्त उडून विमान त्याच वेळेला, किंबहुना जरा आधी पोहोचतं! तुमचं परतीचं विमान अलास्काकडे गेलं ते याच हिशोबाने. जानेवारीतल्या रात्री मी दोन्ही प्लॅन शेजारी शेजारी ठेवलेत आणि लांबची वाट अर्ध्या तासाने सरस निघालेली पाहिली आहे. नव्याने कामाला लागलेली मुलं पहिल्यांदा हे पाहतात तेव्हा आकडे पुन्हा टाकून बघतात.

मी धरलेले 75 आणि 10 हे नमुन्याचे आकडे आहेत. प्रत्यक्षात वारा रोज बदलतो, वाटही रोज नव्याने ठरते. उन्हाळ्यात जेट स्ट्रीम ढिली पडते आणि उत्तरेला सरकते, तेव्हा दक्षिणेची वाट परतीलाही परवडू शकते. म्हणून तुमचं विमान त्या दिवशी अलास्कावरूनच जाईल, असं आज कुणीही छातीठोकपणे सांगू नये. ते सुटण्याच्या काही तास आधी ठरतं.

जाताना वारा मागचा असेल, येताना समोरचा, म्हणजे जमा-खर्च सारखा, असंही पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. 9,000 किलोमीटर अंतर आणि 900 चा वेग धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन वीस तास. शंभरचा वारा असेल तर जाताना 9 तास आणि येताना सव्वाअकरा. बेरीज सव्वावीस. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता, म्हणून तो जास्त घेतो आणि मागचा कमी देतो.

वाट निवडताना माझ्यासमोर वाऱ्याखेरीजही बऱ्याच गोष्टी असतात, पण त्या पटकन सांगतो. दोन इंजिनांच्या विमानाला, एक बंद पडलं तर ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत हाताशी हवा, आणि अलास्का-ग्रीनलंडच्या बाजूला ते मोजके आहेत. हिवाळ्यात तिथले दोन जरी बर्फाने बंद झाले तरी वाट दक्षिणेला ओढावी लागते. फार उत्तरेला इंधन थंड पडतं. जेट ए-1 चा गोठणबिंदू उणे 47 अंश आहे आणि आठ-दहा तास त्या हवेत राहिलं की पंखातल्या टाकीचं तापमान त्या दिशेला सरकू लागतं. मग वैमानिक थोडा वेग वाढवतो किंवा खाली येतो, कारण जोरात गेलं की घर्षणाने पंख जरा उबदार राहतो. दक्षिणेच्या वाटेवर थंडी नाही, तिथे गर्दी आहे. रशिया आणि इराण यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून युरोप-आशियाची बहुतेक विमानं जातात. इराणच्या बाजूला काही भडकलं, जसं जून 2025 मध्ये झालं, की तो पट्टा तुंबतो. आपल्याला हवी ती उंची मिळत नाही, आणि चुकीच्या उंचीवर इंधन जास्त जळतं.

इंधनाचंही ऐकून ठेवा, कारण तिकिटं संपलेली असूनही विमानात काही जागा रिकाम्या का ठेवल्या, याचं उत्तर कधीकधी त्यात असतं. इतक्या लांबच्या उड्डाणात जास्तीचं एक टन इंधन घेतलं तर त्यातला साधारण तिसरा हिस्सा ते इंधन वाहून नेण्यातच जळतो. दोन-तीन तास जास्त उडायचं म्हणजे तेवढं इंधन, ते वाहायला आणखी इंधन, आणि मग वजनाची मर्यादा आली की माल किंवा माणसं कमी.

आता तुमचा निसटलेला तास. जपानचं घड्याळ वर्षभर जागतिक वेळेच्या नऊ तास पुढे असतं, ते कधी बदलत नाही. ब्रिटनचं बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर निघताय, तेव्हा फरक आठ तासांचा आहे. परत येताय नोव्हेंबरात, तेव्हा नऊ. जाताना टोकियोत पावणेपाच म्हणजे लंडनमध्ये सकाळचे पावणेनऊ, आणि आदल्या संध्याकाळी सातपासून मोजले की पावणेचौदा तास. तुम्ही पावणेतेरा मोजले होते. येतानाचे साडेचौदा बरोबर आहेत. म्हणजे तुम्हाला जो पावणेदोन तासांचा फरक दिसला, तो मुळात पाऊण तासाचाच. बाकीचा एक तास घड्याळाचा होता.

अलास्कावरून येताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाईल, तारीख एक दिवस मागे जाईल, मग हिशोब बदलेल का, अशीही शंका बरेच जण काढतात. नाही बदलत. विमान कुठूनही जाऊ दे, निघण्याची वेळ टोकियोची, पोहोचण्याची लंडनची. मधल्या रेषा हिशोबात येतच नाहीत.

तिकिटावरचा वेळ हा हवेतलाही वेळ नसतो, हे शेवटचं. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसरीकडे जागेवर येऊन थांबेपर्यंत. लंडनसारख्या गजबजलेल्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जायलाच वीस मिनिटं सहज जातात. शिवाय कंपनी त्यात थोडी ढील ठेवते, म्हणजे दहापैकी सात-आठ विमानं वेळेवर पोहोचलेली दिसावीत. म्हणून अर्धा तास उशिरा निघालेलं विमान वेळेवर उतरतं, आणि वैमानिकाने वाटेत जोर लावला असं प्रवाशांना वाटतं. बहुतेकदा त्याने काहीच केलेलं नसतं. चांगला वारा लागला की हे आणखी ठळक होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी जेट स्ट्रीम पाठीशी घेऊन एक जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. जमिनीवरचा वेग 1,300 च्या घरात होता, हवेतला मात्र नेहमीचाच.

अजून एक फरक लक्षात घ्या, तिकिटं ताडून पाहताना उपयोगी पडेल. चिनी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद नाही. त्यामुळे लंडन ते बीजिंग किंवा शांघाय हे अंतर त्यांची विमानं इतरांपेक्षा लवकर कापू शकतात. तिथून पुढे टोकियो जवळ आहे, पण थांब्याचा वेळ धरून एकूण प्रवास क्वचितच कमी होतो. त्या वाटेने जावं की नाही, हे तुमच्या खिशावर आणि मनावर आहे.

आता पुढच्या विमानाचं. ते मिळेल का, हे तीन गोष्टींवर ठरतं, आणि त्या तुम्ही सांगितलेल्या नाहीत. टोकियोच्या दोन विमानतळांपैकी उतरणार कुठे, हानेडाला की नारिताला? दोन्ही विमानं हानेडालाच असतील तर तीन तास पुरतात. आंतरराष्ट्रीय विमान बहुधा तिसऱ्या टर्मिनलवर येतं, देशांतर्गत पहिल्या किंवा दुसऱ्यावरून सुटतं, मध्ये बस आहे. पण सामान पुढच्या शहरापर्यंत लावलेलं असलं तरी जपानमध्ये पहिल्या विमानतळावर ते स्वतः घेऊन कस्टममधून बाहेर काढावं लागतं आणि पुन्हा सोपवावं लागतं, तो वेळ धरा. नारिताला उतरून हानेडाहून उडायचं असेल, तर तीन तासांत मी जाणार नाही. हानेडा शहरातच आहे, नारिता शहराच्या बराच बाहेर.

दुसरं, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का? असतील तर चुकल्यास पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम. वेगवेगळी काढली असतील तर ते नुकसान तुमचं.

तिसरं, तुमच्या फ्लाइट क्रमांकाचा मागच्या दोन-तीन आठवड्यांचा इतिहास कुठल्याही ट्रॅकिंग ॲपवर पाहा. छापील वेळ बाजूला ठेवा आणि रोज प्रत्यक्षात किती वाजता ते जागेवर लागलं, तेवढंच बघा. त्यातले सगळ्यात वाईट दोन दिवस निवडा आणि त्या दिवशी तुम्हाला पुढचं विमान मिळालं असतं का ते मोजा. ऑक्टोबरात दक्षिणेची वाट आणि मागचा वारा, त्यामुळे जाताना फार वाईट दिसेल असं मला वाटत नाही. तरी दोन्ही दिवस चुकत असतील, तर देशांतर्गत विमान एक खेप पुढचं घ्या.